दहा राग आणि डिस्कोचा ठेका

एखाद्या कृतीची कीर्ति व्हावी, पण ती तिच्या अंगच्या गुणांमुळें न होतां भलत्याच कारणामुळें व्हावी, हा प्रकार वाङ्मयाच्या इतिहासांत नवा नाहीं; संगीताच्या इतिहासांत तर तो पदोपदीं आढळतो. चरणजित सिंग यांची 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टु अ डिस्को बीट' ही ध्वनिमुद्रिका हें त्याचें अलीकडचें ठळक उदाहरण होय. १९८२ सालीं मुंबईंत वाजविलेली ही तबकडी ग्रामोफोन कंपनीनें बाजारांत आणली, तेव्हां तिच्याकडे फारसें कोणीं ढुंकूनहि पाहिलें नाहीं. पुढें २०१० सालीं एडो बाउमन ह्या डच संग्राहकानें आपल्या 'बॉम्बे कनेक्शन' ह्या संस्थेतर्फे ती पुन्हा काढली आणि पाश्चात्य रसिकांत एकच गलबला उडाला. शिकागो शहरांतील ज्या 'ॲसिड हाउस' नामक नृत्यसंगीताची पहिली तबकडी १९८७ सालीं निघाली असें सारें जग मानीत आलें, तें संगीत मुंबईच्या एका चित्रपट-वादकानें पांच वर्षें आधींच करून ठेवलें होतें, अशी ती आवई होती. ती इकडे येऊन पोंचल्यावर आमच्याकडेहि मोठ्या अभिमानानें उचलली गेली. आज ह्या तबकडीचें नांव निघालें कीं पाठोपाठ हें एकच वाक्य येतें. आमच्या मतें हें वाक्य चुकीचें तर आहेच. पण त्याहूनहि वाईट म्हणजे तें ऐकणाराचे कान बंद करतें. 'कोण पहिला' ह्या प्रश्नाचें उत्तर मिळालें कीं 'काय वाजविलें' हा प्रश्न विचारण्याची कोणास गरजच वाटत नाहीं. प्रस्तुत लेखांत आम्हांस हा दुसरा प्रश्न विचारावयाचा आहे.

सिंग यांचा जन्म १९४० सालचा. मुंबईच्या चित्रपटसृष्टींत गिटार, खर्जाचें गिटार आणि पट्ट्यांचीं विजेचीं वाद्यें वाजविणारे म्हणून त्यांची उमर गेली. शंकर-जयकिशन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल, राहुलदेव बर्मन अशा संगीतदिग्दर्शकांकडे त्यांनीं काम केलें. त्या काळीं एकेका गाण्यास पन्नास-पन्नास वादक बसत. गाणें घरोघर पोंचे, पण वाजविणाराचें नांव पडद्यावर येत नसे. अशा नामहीन वर्गांतील हा माणूस. विजेच्या वाद्यांचा त्यांस नाद होता, आणि काळहि अनुकूल होता. १९८० सालीं 'कुर्बानी' चित्रपटांतील बिद्दू यांच्या गाण्यानें, १९८१ सालीं 'डिस्को दीवाने'नें आणि १९८२ सालीं 'डिस्को डान्सर'नें हिंदुस्थानभर डिस्कोचें वेड पसरलें होतें. तबला बाजूस ठेवावा, ठेका डिस्कोचा घ्यावा आणि त्यावर आपले राग वाजवावे, ही कल्पना सिंग यांस सुचली; नवीं यंत्रें एकमेकांस जोडून घरीं तालीम करतां करतां ती पक्की झाली, असें त्यांनींच पुढें मुलाखतींत सांगितलें आहे. तत्त्वज्ञान नाहीं, जाहीरनामा नाहीं. एका कसबी वादकाची घरगुती करामत, एवढेंच तिचें मूळ.

तीं यंत्रें तीन होतीं आणि तीन्ही जपानच्या रोलंड कंपनीचीं. पहिलें टीआर-८०८, हें तालयंत्र १९८० सालचें. ह्यांत ढोल, झांज, टाळी वगैरेंचे आवाज मुद्रित केलेले नसून विजेच्या मंडलांतून तेथल्या तेथें निर्माण होतात. म्हणून ते खऱ्या ढोलासारखे वाटत नाहींत, आणि हेंच पुढें त्यांचें भूषण ठरलें. दुसरें ज्युपिटर-८, आठ स्वर एकदम धरणारा थोर किंमतीचा सिंथेसायझर. सिंग यांचे हात ह्याच्यावर चालतात. तिसरें टीबी-३०३. एकट्या गिटारवाल्यास साथीला खर्ज मिळावा म्हणून हें लहानसें यंत्र काढलें होतें. परंतु त्याचा आवाज खर्जाच्या गिटारसारखा मुळींच येईना, आणि त्यांत चाल भरण्याची रीत तर इतकी किचकट कीं स्वर एकीकडून भरावे व काल दुसरीकडून. १९८४ पर्यंत कंपनीनें तें बंद केलें. सुमारें दहा हजार यंत्रें निघालीं होतीं, तीं जुन्या बाजारांत कवडीमोलानें विकलीं जाऊं लागलीं. ह्या टाकाऊ वस्तूमुळेंच मुंबई व शिकागो यांचीं नांवें आज एका दमांत घेतलीं जातात, म्हणून शिकागोंत काय घडलें तें थोडक्यांत सांगणें अवश्य आहे.

अमेरिकेंत डिस्कोचा शेवट मोठ्या अभद्र रीतीनें झाला. १२ जुलै १९७९ रोजीं शिकागोच्या कोमिस्की पार्क ह्या क्रीडांगणावर, दोन सामन्यांच्या मधल्या वेळांत, लोकांनीं आणलेल्या डिस्कोच्या तबकड्या पेटाऱ्यांत घालून सुरुंगानें उडविण्यांत आल्या व मागोमाग जमाव मैदानांत घुसला. त्या संगीतावरील रागाच्या मागें, तें ज्यांचें होतें त्या कृष्णवर्णी व समलिंगी लोकांवरील रागहि होता, असें पुष्कळ इतिहासकारांचें मत आहे आणि तें आम्हांस पटतें. ज्यांचें तें संगीत होतें त्यांनीं तें टाकलें नाहीं. त्याच शहरांत 'वेअरहाउस' नांवाच्या नृत्यगृहांत फ्रँकी नकल्स हा तबकड्या लावी. 'हाउस' हें नांवच ह्या गृहावरून पडलें असें बहुतेक मानतात. 'म्युझिक बॉक्स' नामक दुसऱ्या गृहांत रॉन हार्डी होता. येथें येणाऱ्या तिघां तरुणांनीं, डीजे पिएर, स्पँकी व हर्ब जे यांनीं, एक जुनें टीबी-३०३ मिळविलें. त्याची किचकट लिपि त्यांस येत नव्हती, त्यांत भलतेंच कांहीं वाजत होतें. पिएरनें यंत्रावरील खुंट्या फिरविण्यास आरंभ केला, आणि तो आवाज किंचाळूं लागला, गुरगुरूं लागला, पाण्यांत बुडून पुन्हा वर येऊं लागला. ती फीत हार्डीनें एका रात्रींत चार वेळां लावली. पहिल्या वेळीं लोक नाचायचे थांबले आणि चौथ्या वेळीं बेभान झाले, अशी कथा हे लोक सांगत आले आहेत. 'फ्युचर' ह्या नांवानें त्यांची 'ॲसिड ट्रॅक्स' ही तबकडी १९८७ सालीं निघाली. अकरा मिनिटांहून अधिक वेळ चालणाऱ्या ह्या कृतींत चाल म्हणण्यासारखें जवळजवळ कांहींच नाहीं.

आतां आमच्या मुद्द्याकडे वळूं. आपल्या संगीतशास्त्रावरील पाठ्यपुस्तकांत नादाचे तीन धर्म सांगितलेले असतात : उच्चनीचता, लहानमोठेपणा आणि जाति. सारंगीचा षड्ज आणि सनईचा षड्ज उंचीनें एक असूनहि निराळे वाटतात, तें जातीमुळें. आपल्या रागसंगीताचा सारा पसारा पहिल्या धर्मावर उभा आहे; जाति ही वाद्यागणिक ठरलेली, ती गाण्याचा विषय होत नाहीं. 'ॲसिड ट्रॅक्स'मध्यें ह्याच्या उलट आहे. स्वरांची एक आंखूड माळ पहिल्यापासून शेवटपर्यंत तीच, लय तीच. बदलत जाते ती केवळ नादाची जाति. मूळ नादाबरोबर उमटणारे वरचे स्वयंभू स्वर किती जाऊं द्यावयाचे हें ठरविणारा फिल्टर उघडत मिटत राहतो, आणि तोच स्वर कधीं घोगरा, कधीं धारदार, कधीं ओला होतो. विस्तार होतो, पण रंगाचा होतो. ॲसिड हाउसचें मर्म जर कशांत असेल तर तें ह्यांत आहे. टीबी-३०३ ह्या यंत्राच्या केवळ उपस्थितींत नाहीं. चरणजित सिंग यांच्या तबकडींत तेंच यंत्र आहे, तोच घसरता, चिकट खर्ज आहे, खालीं तसाच न थकणारा ढोल आहे. पण विस्तार होतो तो स्वरांचा. खर्ज आपलें आवर्तन फिरवीत राहतो आणि त्यावर ज्युपिटरवरील बोटें रागाचे आलाप, गत व ताना बांधीत जातात. खर्जाची खुंटी येथें मधून मधून फिरली असेल, परंतु ती फिरविणें हा वादनाचा विषय नव्हे.

मग ह्या खर्जाचें काम काय? आमच्या वाचकांपैकीं ज्यांनीं तबल्याचें एकट्याचें वादन ऐकलें असेल त्यांस लेहऱ्याची आठवण व्हावी. तेथें पेटी किंवा सारंगी एकच चाल अखंड फिरवीत असते. तिजकडे कोणी ऐकत नाहीं, पण ती थांबली तर तबलजीचा पाय घसरेल. सिंग यांच्या खर्जाचें नातें शिकागोच्या खर्जाशीं नसून ह्या लेहऱ्याशीं आहे. फरक एवढाच कीं लेहऱ्यावर तालाचा विस्तार होतो, येथें ताल व लेहरा दोन्ही गोठवून टाकले आहेत आणि विस्ताराची जबाबदारी रागावर आली आहे. ही मांडणी कोठल्याहि पाश्चात्य नृत्यतबकडीवरून उचललेली नाहीं. ती ज्याच्या कानांत मैफल आहे अशा माणसाची आहे, आणि हें एकदां ध्यानांत आलें म्हणजे तबकडी निराळीच ऐकूं येऊं लागते.

ह्याच संदर्भांत एका मोहक साम्याविषयीं सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. ह्या दोन्ही यंत्रांचें एक आवर्तन बहुधा सोळा घरांचें असतें, चार-चारांचे चार गट. आपला तीनतालहि सोळा मात्रांचा, चार-चारांच्या चार खंडांचा. यावरून जपानी यंत्रांत तीनताल दडलेला होता असें काव्य कोणासहि सुचेल. पण तीनताल म्हणजे सोळा अंक नव्हेत. नवव्या मात्रेवर खाली येते. डग्गा उचलला जातो, क्षणभर पायांखालची जमीन हलकी होते आणि पुढें येणाऱ्या समेची ओढ लागते. ही ओढ हाच तालाचा प्राण. टीआर-८०८ च्या ठेक्यांत प्रत्येक चौथ्या घरावर ढोल तितक्याच वजनानें पडतो; तेथें खाली नाहीं, म्हणून खऱ्या अर्थानें समहि नाहीं. सिंग यांची एखादी तान सरळ समेवर येऊन पडावी तशी पडते, पण 'वाहवा' म्हणण्यास तोंड उघडावें तों पुढचा ढोल वाजलेला असतो. आमच्या मतें ह्या तबकडीचें सर्वांत मोठें वैगुण्य हेंच आहे. तें यंत्राचें आहे, वादकाचें नाहीं, हें खरें. तथापि कलेच्या न्यायसभेंत अशी सबब चालत नाहीं.

दहा राग येणेंप्रमाणें : एका बाजूस भैरवी, ललत, भूपाळी, तोडी व मधुवंती, दुसऱ्या बाजूस मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस व बैरागी. जिनें आपली मैफल संपावयाची त्या भैरवीनें आरंभ, आणि प्रातःकाळच्या बैरागीनें समाप्ति! रागसमयाचें शास्त्र मानणाऱ्या आमच्या एका स्नेह्यांनीं हा क्रम वाचूनच कपाळास हात लावला. पण नृत्यगृहांत रात्रभर नाचून माणूस बाहेर पडतो तेव्हां उजाडतच असतें, हें लक्षांत घेतां शेवटचा बैरागी अगदींच अप्रस्तुत नाहीं असें आम्हीं त्यांस सुचविलें. त्यांचें समाधान झालें नाहीं.

प्रत्येक रागास सुमारें पांच मिनिटें मिळालीं आहेत. तेवढ्यांत राग उभा राहतो काय? राग म्हणजे स्वरांची यादी नव्हे, हें सांगण्यास भूपाळीइतकें सोपें उदाहरण नाहीं. भूपाळी व देशकार यांचे पांच स्वर तेच. गांधारावर वजन दिलें तर भूपाळी, धैवतावर दिलें तर देशकार. यंत्राला स्वर देतां येतात, वजन शिकवितां येत नाहीं. वजन बोटांतून यावें लागतें. सिंग यांच्या बोटांत तें आहे. त्यांची भूपाळी देशकाराकडे झुकत नाहीं, एवढ्या धांवपळींतहि गांधाराची जागा ती सोडीत नाहीं. थोडक्या स्वरांचे राग एकंदरींतच येथें अधिक साधले आहेत. कलावती तर आम्हांस सर्व दहांत उजवी वाटली : तिचा मोकळा, चढता स्वभाव डिस्कोच्या पळण्याशीं भांडत नाहीं, आणि कोमल निषाद आला म्हणजे खालचा खर्जहि जणूं मान वर करतो. बैरागीहि चांगला उतरला आहे.

तोडीचें तसें नाहीं. तोडींतले रिषभ-गांधार हे पट्टीवरच्या कोमल स्वरांहूनहि खालचे, अतिकोमल. ते हलते, ओले असावे लागतात. समान अंतरांच्या पट्ट्यांवर ते सांपडत नाहींत, आणि वेगानें वाजवितां शोधण्यासहि सवड नाहीं. जो उरतो तो तोडीचा नकाशा. ललतींत निराळीच अडचण. तिचे दोन्ही मध्यम पट्ट्यांवर शेजारीं शेजारीं बसतात, तेव्हां बोटांस कांहीं जड नाहीं; परंतु तिला पंचम नाहीं, आणि पाश्चात्य वळणाच्या खर्जास पंचमाचा आधार नेहमींचा. तो काढून घेतांच खर्ज लंगडूं लागतो. गंमत अशी कीं हें लंगडणें कानाला गोड लागतें. दहांतील सर्वांत विचित्र आणि विचार करावयास लावणारा भाग हाच. मालकंसालाहि पंचम नाहीं, पण तेथें हानि होते ती गांभीर्याची. ज्या रागानें मध्यरात्रीं पाय रोवून उभें राहावें त्याला येथें धांवत ठेवला आहे. यमन व मधुवंती सुबक आहेत. मेघांत पाऊस थोडा, विजा फार.

मींडेविषयीं दोन शब्द लिहिणें प्राप्त आहे, कारण ह्या तबकडीचे पाश्चात्य चाहते नेमके तिच्यावरच भुलले आहेत. टीबी-३०३ मध्यें एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे. ती आणि आपली मींड एकच, म्हणून हें यंत्र जणूं रागांसाठींच जन्मलें, असें ते म्हणतात. पण त्या यंत्राची घसरण ठराविक वेळेची असते. दोन स्वरांत अंतर किती का असेना, वेळ तोच. मींड म्हणजे वेळेविषयींचा निर्णय. कोठें रेंगाळावें, कोणता स्वर नुसता दाखवून पुढें जावें, कोठें अर्ध्यावर थांबून ऐकणाराचा जीव टांगणीला लावावा, हें तिचें सारसर्वस्व. खरी मींड येथें असेल तर ती ज्युपिटरच्या डाव्या अंगास जो स्वर वांकविण्याचा दांडा आहे त्याच्यापाशीं शोधावी, खर्जांत नव्हे. पट्ट्यांच्या वाद्यावर राग वाजवावा कीं नाहीं हा वाद मात्र आपणांस नवा नाहीं. कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं सांगलीस श्रुतींचीं गणितें करून बावीस श्रुतींच्या पेटीचा खटाटोप केला तो ह्याच असमाधानापोटीं. आकाशवाणीनें १९४० सालीं पेटीला दार बंद केलें तें १९७१ पर्यंत उघडलें नाहीं. आणि मधल्या काळांत महाराष्ट्रांत नाटक, कीर्तन वा मैफल पेटीवांचून झाली असेल असें वाटत नाहीं. गोविंदराव टेंब्यांच्या पेटीनें आपल्या पिढीचे कान घडविले. ज्यांनीं ती ऐकली त्यांनीं ज्युपिटरला केवळ पट्ट्या आहेत म्हणून नाकें मुरडूं नयेत.

शिष्ट संगीतरसिकांचा दुसरा आक्षेप पुनरावृत्तीवर असतो. तेंच तें तासन्तास ऐकावयाचें हें मठ्ठपणाचें लक्षण, असें ते म्हणतात. आषाढींत ज्यांनीं दिंडी पाहिली आहे, एकच धृपद टाळमृदंगावर शंभर वेळां फिरतांना आणि प्रत्येक फेऱ्यास पावलें अधिक उंच पडतांना पाहिलीं आहेत, त्यांनीं तरी असें म्हणूं नये. आवर्तन हें तेथें सांगण्याचें साधन नसून नेण्याचें साधन आहे. मात्र दिंडींत लय वाढविणारा, थांबविणारा विणेकरी किंवा मृदंगी असतो. नृत्यगृहांत हें काम तबकड्या लावणारा करतो. डीजे तो हाच. आपल्याकडे विसर्जनाच्या मिरवणुकांमुळें ह्या शब्दाची अशी कांहीं दशा झाली आहे कीं, डीजे म्हणजे माणूस नसून गाडीवर रचलेली कर्ण्यांची भिंत, असा सार्वत्रिक समज आहे. 'डीजे लावला', 'डीजे बंद केला' असें आपण खुशाल बोलतों. खरा डीजे दोन तबकड्यांच्या लयी जुळवून एकींतून दुसरी केव्हां निघाली हें कळूं न देतां मंडळी पहांटेपर्यंत खेळवीत ठेवतो. समोरच्या गर्दीचे पाय हें त्याचें वाद्य. हार्डीनें ती फीत चौथ्यांदा लावली नसती तर 'ॲसिड ट्रॅक्स' ही तिघां मित्रांची मौज म्हणून कपाटांत पडून राहिली असती.

चरणजित सिंग यांस हार्डी भेटला नाहीं. त्यांच्या तबकडीवर नाचणारी मंडळी मुंबईंत नव्हती. जी होती तिला डिस्को पाहिजे होता तो गाण्यासह, नटनट्यांसह, पडद्यावरचा. रागाचे श्रोते डिस्को हें नांव वाचूनच मागें सरले असतील. त्याच दशकांत गोव्यांतील हणजूणच्या, म्हणजे प्रवासी ज्याला अंजुना म्हणतात त्या, किनाऱ्यावर परदेशी मंडळी विजेच्या संगीतावर रात्रीच्या रात्री नाचत होती. पण त्यांच्या ध्वनिफिती युरोपांतून येत, मुंबईहून नव्हेत. कोलंबसाच्या आधीं पांचशें वर्षें नॉर्स खलाशी अमेरिकेच्या किनाऱ्यास लागले होते, हें आतां सिद्ध झालें आहे. तथापि जगाचा नकाशा त्यांच्यामुळें बदलला नाहीं. ज्या कृतीला पुढें वंश नाहीं तिला एखाद्या घराण्याची मूळपुरुष ठरविणें हा इतिहास नव्हे. आणि ह्यांत अन्याय दुहेरी आहे. ज्यांच्या तबकड्या क्रीडांगणावर सुरुंगानें उडविल्या गेल्या त्यांनीं टाकाऊ यंत्रांतून जें उभें केलें, त्याचें श्रेय आपण एका योगायोगाच्या जोरावर काढून घेतों. आणि सिंग यांस त्यांनीं जें केलेंच नाहीं त्याचा मान देऊन, जें केलें त्याकडे पाठ फिरवितों. आपल्या माणसाचें मोठेपण परक्यांच्या मोजपट्टीनें मोजून आल्यावांचून आपणांस पटत नाहीं, ही आपली जुनीच खोड आहे. 'हिंदुस्थानचा शेक्सपिअर', 'महाराष्ट्राचा स्कॉट' असल्या पदव्या वांटणाऱ्या आमच्या पेशाच्या मंडळींनीं ती लावली, हेंहि येथें नमूद करावयास हरकत नाहीं.

दुसरी एक गोष्ट आहे जी ह्या पहिलेपणाच्या गोंगाटांत कोणीच बोलत नाहीं. पन्नास वादकांच्या मेळांत बसून ज्यानें आयुष्य काढलें त्याच माणसानें, एकट्यानें, तीन यंत्रांच्या साह्यानें एक अख्खी तबकडी भरून दाखविली. पुढें दहापंधरा वर्षांत ह्याच जातीच्या यंत्रांनीं मुंबईच्या चित्रपटसंगीतांतील तो मेळ मोडला. व्हायोलिनवाल्यांच्या रांगाच्या रांगा घरीं बसल्या. सिंग यांच्या तबकडींत त्या आगामी एकांताची चाहूल आहे. १९९७ सालीं 'रीबर्थ' नांवाच्या एका संगणकीय कार्यक्रमांत टीबी-३०३ व टीआर-८०८ यांच्या हुबेहूब नकला मिळूं लागल्या. आज तर कोणताहि विद्यार्थी मांडीवरच्या संगणकावर, कानाला कर्णे लावून, घरांतल्या कोणास पत्ता लागूं न देतां एका रात्रींत असें संगीत करूं शकतो, आणि करतोहि. आमच्या महाविद्यालयांतील कांहीं मुलांनीं केलेले असे तुकडे आम्हीं ऐकले आहेत. यंत्रें सर्वांस सारखीं, आवाज सारखे, म्हणून तुकडेहि सारखे. सिंग यांचे सारखे होत नाहींत, कारण ते यंत्रांपाशीं बसले तेव्हां रिकाम्या हातांनीं बसले नव्हते. वीस वर्षांची वादकी त्या हातांत होती, आणि आपण कांहीं क्रांति करतों आहों असा आव त्यांत नव्हता.

आयुष्याच्या अखेरच्या कांहीं वर्षांत युरोपांतील रंगमंचांवर त्यांस बोलावणीं आलीं. सत्तरी उलटलेले हे गृहस्थ पोरसवदा गर्दीपुढें तेच राग वाजवीत, आणि गर्दी नाचे. २०१५ सालीं मुंबईंत त्यांचें निधन झालें.

ज्यांस ही तबकडी ऐकावयाची असेल त्यांनीं ती हातांतल्या दूरध्वनीवर ऐकूं नये. खर्ज त्यांत उतरतच नाहीं, आणि खर्जावांचून ती निव्वळ किणकिण वाटेल. चांगले मोठे कर्णे असावे. आरंभ भैरवीपासून न करतां कलावतीपासून करावा, मग भूपाळी, मग ललत; तोडी शेवटीं ठेवावी, आणि ती ऐकून झाल्यावर एखाद्या गवयाची तोडी तास-अर्धा तास ऐकावी. दोन्हींमधलें अंतर कोठें आणि किती आहे हें मग कोणास विचारावें लागणार नाहीं.